डावा आरसा

आरसा ही वस्तू माणसाने स्वतःचे तोंड पाहण्यासाठी शोधून काढली, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. आमच्या घरी मात्र ज्या आरशावर सगळ्यांचे पोट अवलंबून आहे, त्यात घरातल्या कोणाचेच तोंड दिसत नाही. तो म्हणजे अण्णांच्या गाडीचा डावा आरसा.

अण्णा गेली पंचवीस वर्षे वाई-पाचगणी-महाबळेश्वर या रस्त्यावर प्रवासी नेतात. पसरणीचा घाट त्यांना घरच्या जिन्याइतका पाठ आहे. हल्लीच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे आरसे बसल्या जागेवरून बटणाने फिरवता येतात. गेल्या दिवाळीच्या गर्दीत पाचगणीला कोणाचा तरी धक्का लागला आणि डावा आरसा आभाळाकडे पाहू लागला. अण्णांनी बटण दाबले, आरसा ढिम्म. खाली उतरून त्यांनी तो हाताने बसवला. पण पुन्हा कोणाचा धक्का लागे, पुन्हा त्याची नजर भरकटे. गॅरेजवाल्याने तो न उघडताच निदान केले, "मोटार जळाली. अख्खा आरसा बदला." आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "राहू दे. माझ्या पहिल्या ॲम्बॅसिडरला डावा आरसाच नव्हता. काही अडलं नाही."

आणि मग एका संध्याकाळी, घाटात डाव्या बाजूने घुसलेली स्कूटर त्यांना दिसलीच नाही. थोडक्यात निभावले. पोराचे कोपर खरचटले, एवढेच. पण त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात उतरलो तशी आई म्हणाली, "अरे, तू आर्ट्सचा. आहे तेही मोडून ठेवशील." हे वाक्य किती वेळा ऐकावे लागते, ते माझ्या वर्गबंधूंना सांगायला नको! पण त्याच आठवड्यात सरांनी तर्कशास्त्राच्या तासाला मिलच्या पद्धती शिकवल्या होत्या. मिलसाहेबांनी आपला ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या होत्या. तरी कारण शोधण्याची त्यांची रीत मोटारीला लावून पाहायला काय हरकत होती?

पहिले निरीक्षण. उजवा आरसा चारी दिशांना फिरत होता. दोन्ही आरशांना वीज एकाच फ्यूजमधून येते. तो उडाला असता तर दोघेही एकदम रुसले असते. म्हणजे फ्यूज निर्दोष. आरसा निवडायची कळ मधल्या खुणेवर राहिली तरी ते हलत नाहीत, पण तीही डावीकडे नीट होती. दुसरे निरीक्षण. आरशाच्या पोटात दोन चिमुकल्या मोटारी असतात, एक वर-खाली फिरवणारी, एक आत-बाहेर. दोघी एकाच मुहूर्तावर जळाव्यात, हे मनाला पटेना. आतले प्लास्टिकचे दाते झिजले असते, तर काच हलली नसती तरी मोटारीची घरघर ऐकू आली असती. इथे तर चिडीचूप. तेव्हा आरशापर्यंत वीजच पोचत नसावी. राहिला तो धक्का. धक्क्यानंतर बंद म्हणून धक्क्यामुळे बंद, असे आम्ही सर्वांनी धरले होते. पण त्याआधी कित्येक महिने ते बटण कोणी दाबलेच नव्हते!

मग मी धाकट्या बहिणीला बटण दाबून धरायला सांगितले आणि डावे दार हळूहळू उघडू लागलो. बाकी सारे तेच, बदलते फक्त दार. व्यतिरेक पद्धतीचे याहून चोख उदाहरण सरांनाही सुचले नसते. दार अर्धे उघडले आणि आरसा 'घुंऽ' करून हलला. दार मिटले, पुन्हा मुका.

बिजागरीपाशी रबराची एक घडीदार नळी असते. दाराकडे जाणाऱ्या तारा तिच्यातून जातात आणि दाराबरोबर रोज वाकतात. बॅटरीची जोडणी काढून मी ती नळी मागे सारली. दोन्ही मोटारींना सामाईक असलेली तार वरून धडधाकट दिसत होती. चाचपली तेव्हा एका जागी मऊ लागली. आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले. चौकातल्या वायरमनकाकांनी तुकडा जोडून डाग दिला आणि दीडशे रुपये घेतले. अण्णांनी बटण दाबले. आरसा वर गेला, खाली आला.

"कुठं शिकलास?"

"कॉलेजात."

गल्लीभर माझे कौतुक झाले. पण मिलची एक पद्धत अजून उरली होती, अवशेष पद्धती. ज्यांची कारणे ठाऊक आहेत ते सारे वजा करा. जे उरेल त्याचे कारण शोधा. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उरलेले माझ्यापुढे येऊन उभे राहिले. पहिल्या ॲम्बॅसिडरला डावा आरसा नव्हता, तरी काही अडले नव्हते. का? अण्णा मान वळवून पाहत असत. मग परवा का पाहिले नाही?

एकेक गोष्ट आठवू लागली. हाक मारली की अण्णा हल्ली खांद्यासकट वळतात. जेवताना पाट अगदी डाव्या टोकाला घेतात, म्हणजे आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडे येतो. रात्री आई तेलाची वाटी गरम करते; ती गुडघ्यांसाठी, असे मी धरून चाललो होतो.

सकाळी ते काच पुसत होते. मी विचारले, "अण्णा, मान कधीपासून वळत नाही?"

फडके थांबले. "वर्ष होईल."

"बोलला नाहीत?"

"ड्रायव्हरची मान गेली असं स्टँडवर कळलं, तर भाडं कोण देईल?"

मानेचा प्रश्न असा मानाचा होऊन बसला होता. आरशाची तुटलेली तार मी एका रविवारात शोधली. आणि वर्षभर माझ्यासमोर जेवणाऱ्या माणसाकडे मात्र मी नीट पाहिले नव्हते.

सोमवारी आम्ही साताऱ्याला डॉक्टरांकडे निघालो. गाडी मी चालवली. अण्णा प्रथमच डावीकडे बसले होते. मी बटण दाबून आरसा माझ्या नजरेला लावू लागलो, तेव्हा समोर पाहतच ते म्हणाले,

"माझा कोन लक्षात ठेव. परत लावायचा आहे."