तंबपण्णीचा पतंग

श्रावणातील एका पहाटे वसतिगृहाच्या पडवीत, दिव्याखालच्या जांभ्याच्या भिंतीवर तो बसलेला आढळला. पंखांचा विस्तार वीतभर, रंग विटकरी, प्रत्येक पंखावर अभ्रकासारखी पारदर्शक त्रिकोणी खिडकी आणि पुढच्या पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडाचा आकार. "सर, हे कुठले फुलपाखरू?" मुलांनी विचारले. विषय इतिहासाचा असूनही आम्ही अधिकारवाणीने सांगितले : फुलपाखरू नव्हे, पतंग, पिसांसारख्या मिशा पाहा. नाव ॲटलास. हे नाव वर्तमानपत्रातून उचललेले होते.

मुलांनी तक्ता करावयास घेतला. मराठी परिभाषेप्रमाणे रकाने पाडले : कुल, प्रजाती, जाती. शेवटच्या रकान्यापाशी सातवीतील एक मुलगी थांबली. "सर, ह्याचीपण जात लिहायची?" वर्ग हसला, ती हसली नाही. दाखल्यावरील त्या रकान्याने आपल्या घरांना काय सोसायला लावले, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

आम्ही सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त काढले. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, हा वाद घेऊन वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण भगवान बुद्धांकडे येतात. भगवान आरंभ करतात तो गवतापासून आणि झाडांपासून. मग किडे, पतंग, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी. ह्या सर्वांत जन्मसिद्ध खुणा निरनिराळ्या. माणसांत तशी खूण ना केसांत, ना डोळ्यांत, ना रंगात. पालीतला 'पटंग' तोच आपला पतंग, हे ऐकून मुले खूश झाली. बाबासाहेबांनीही १९३६ साली हेच बजावले होते, की जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत. मुलीने रकाना भरला आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिले : 'माणसांना हा रकाना नाही.' ते खोडावे असे आम्हांस वाटले नाही.

चूक निघाली ती दुसऱ्याच रकान्यात. काही वर्षांनी प्राणिशास्त्र शिकणारा एक माजी विद्यार्थी तक्त्यापुढे उभा राहून संकोचाने म्हणाला, "सर, ॲटलास हे लिनियसने १७५८ साली दिलेले नाव. दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला पतंग निराळा; मूर ह्यांनी १८८२ साली त्याला 'टॅप्रोबॅनिस' म्हटले." प्रथम राग आला, हे कबूल करतो. मग शब्द कानात घुमू लागला. टॅप्रोबेन म्हणजे ग्रीकांची लंका. मूळ पाली नाव तंबपण्णी! सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात, माणसांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय जिथवर केली त्या सीमेवर, हेच नाव आहे. तो लेख आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत होतो.

तेव्हापासून त्याचे घर शोधण्याचा नाद लागला. आंबा-काजूच्या एकसुरी बागांपेक्षा पऱ्ह्याकाठचे दमट मिश्र रान त्याला मानवते. अळी दालचिनी, पेरू अशा अनेक झाडांचा पाला खाते आणि पानांच्या आडोशाला रेशमी कोश विणते. कोशातून निघालेल्या पतंगाचे तोंड निरुपयोगी असते. अळीने साठविलेल्या चरबीवर तो थोडेच दिवस जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधतो. दिव्याभोवती घालवलेली रात्र त्याला परवडणारी नसते.

तक्त्यावरचे नाव आम्हीच खोडून नवे लिहिले; मुलीची ओळ तशीच आहे. पावसाळ्यात पडवीतला दिवा आता रात्री दहाला मालवतो. गेल्या भाद्रपदात एक मादी दिवसभर दालचिनीच्या फांदीवर होती. तिन्हीसांजेच्या वंदनेनंतर पाहिले, तेव्हा फांदी रिकामी होती.