उसाच्या फडांतील आमचें वर्ष

आमच्या तरुण मंडळाचा वार्षिक अहवाल दर वर्षीं जून महिन्यांत तयार होतो. जमा किती झाली, खर्च किती झाला, वह्या किती वांटल्या, औषधें कितीचीं आणलीं, हें सर्व त्यांत रकान्यांतून मांडलेलें असतें. अहवाल खरा असतो. परंतु तो वाचून ज्या मुलांकरितां हा सर्व खटाटोप होतो त्यांचें तोंड कोणास दिसत नाहीं. आम्ही या शाळेचे माजी विद्यार्थी. वार्षिकाच्या संपादकांनीं आम्हांस 'आपल्या कार्याविषयीं चार शब्द लिहा' अशी आज्ञा केली, तेव्हां रकाने बाजूस ठेवून या वर्षांत आम्हीं काय पाहिलें तेंच बालवाचकांस सांगावें असें ठरविलें.

शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें, सरकारी कचेऱ्यांचें एप्रिलमध्यें, आणि व्यापाऱ्यांचें दिवाळींत. आमचें वर्ष दसऱ्यानंतर सुरू होतें. त्या सुमारास बीड जिल्ह्यांतून, तसेंच आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डीकडच्या गांवांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या निघतात. कोणी प्रवरा-गोदावरीच्या कांठीं उतरतात, कोणी सांगली-कोल्हापुराकडे, तर कोणी कर्नाटकांत जातात. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें सहकारी साखर कारखाना उभारला, तो १९५० सालीं सुरू झाला. त्यानंतर कारखाने वाढले, बागाइती वाढली, आणि गांवेंच्या गांवें भाग्यवान् झालीं. परंतु उभा ऊस कापणारा हात पाऊस न पडणाऱ्या मुलखांतून आला, व तो अजूनही तेथूनच येतो.

या धंद्याची भाषा आम्हांस नव्यानें शिकावी लागली. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो; एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता.' मुकादम पावसाळ्यांतच मजुराला आगाऊ रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात. ही उचल कधीं पन्नास हजार, कधीं लाख, तर कधीं त्याहूनही अधिक असते. ती घराच्या पत्र्याला, दवाखान्याला, लग्नाला खर्च होऊन जाते, व मग सहा महिने ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली, ती आनंदाची गोष्ट खरी. तथापि उचल फिटण्यापूर्वींच हंगाम संपला, तर उरलेली बाकी पुढल्या वर्षाच्या डोक्यावर बसते. ही बाकी बापाच्या नांवावर लिहिलेली असते. तिचा भार मात्र मुलांवरही पडतो.

टोळी जेथें उतरते त्या जागेला तळ म्हणतात. बांबूच्या कामट्या वाकवून वर ताडपत्री किंवा पाचट घातलें म्हणजे कोपी झाली. मोठ्या माणसाला तींत ताठ उभें राहतां येत नाहीं. पहांटे चारपांचच्या सुमारास आईबाप फडांत जातात. ऊस तोडावयाचा, पाचट काढावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, आणि त्या डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची. गाडी कधीं दुपारीं येते, कधीं मध्यरात्रीं. आईबाप दिवसभर फडांत असल्यामुळें तळावर मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, शेळ्या, आणि मुलें.

आम्ही प्रथम गेलों तेव्हां फळा, खडू, पाट्या, अंकलिपी हें सर्व साहित्य बरोबर होतें. तीस-पस्तीस मुलें जमलीं. परंतु आलेल्यांपैकीं निम्म्या मुली कडेवर धाकटें भावंड घेऊन आल्या होत्या. मूल रडूं लागलें कीं मुलगी उठे. तिच्यामागून दुसरी उठे. एका नऊ वर्षांच्या मुलीनें आम्हांस सांगितलें, "दादा, मला पाढे येत्यात. पर याला खाली ठिवलं की यो रडतोय." तेव्हां शाळेच्या आधीं पाळणा बांधला पाहिजे हें उघड झालें. दोन बाभळींच्या मध्यें दोर लावून लुगड्याच्या तीन झोळ्या बांधल्या, मंडळांतील दोघी मुली आळीपाळीनें त्यांपाशीं बसूं लागल्या, आणि मग पाढ्यांना आरंभ झाला.

हा विचार आमचा नव्हे, जुन्या थोरांचा आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर तें वाढविलें. गुरें राखणारीं आदिवासी मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. दिल्लींत १९६९ सालीं गांधी-शताब्दीच्या बांधकामावरील मजुरांचीं मुलें उन्हांत व धुळींत पडलेलीं मीरा महादेवन यांनीं पाहिलीं, आणि कामाच्या जागींच पाळणाघर सुरू केलें. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था त्यांतूनच उभी राहिली. मूल शाळेपर्यंत येऊं शकत नसेल तर शाळेनें मुलाकडे चालत जावें, हें तत्त्व या बायांनीं कृतीनें शिकविलें. आम्हीं फक्त कुरणाच्या जागीं उसाचा फड मानला.

पण तळावरची शाळा हें आमचें ध्येय नाहीं. मुलांनीं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत इतर मुलांबरोबर बसावें अशी आमची खटपट असते. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला, व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास तो हक्क आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गांवच्या शाळेनें 'शिक्षण हमी पत्रक' द्यावें, म्हणजे तो कोणत्या इयत्तेंत आहे व त्याला काय येतें हें नव्या शाळेस कळेल, अशीही व्यवस्था आहे. तथापि टोळीचा ट्रक रात्रीं निघतो, आणि पत्रक शाळेच्या कपाटांत राहतें. म्हणून कार्तिक महिन्यांत आमचें मुख्य काम दूरध्वनीवर चालतें : या गांवच्या गुरुजींना विनंती, त्या गांवच्या मुख्याध्यापकांस स्मरण. एका शाळेंत आम्हांस असें उत्तर मिळालें कीं, "हीं मुलें मार्चमध्यें निघून जातील, आमचा पट मात्र बिघडेल." दुसऱ्या शाळेंतील बाईंनीं कांहीं न विचारतां मुलांना आंत घेतलें व मधल्या सुटींत खिचडीच्या पंक्तीस बसविलें. शाळेंत शिजविलेलें अन्न मिळावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला, त्याचें मोल त्या पंक्तींत बसल्यावर समजतें. पहांटेची शिळी भाकरी खाऊन निघालेलें मूल दुपारीं दुसऱ्यांदा वाढून मागतें, तेव्हां कायद्याचीं कलमें जिवंत होतात.

मोठ्या मुलांची अडचण निराळी. ऊस तोडला कीं वरचा हिरवा शेंडा उरतो, त्याला 'वाढें' म्हणतात. शेतकरी तें जनावरांसाठीं विकत घेतात, आणि त्याच्या पेंढ्या बांधण्याचें काम बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडे येतें. त्या पैशांतून घरचें तेल-मीठ भागतें. अशा मुलास 'शाळेंत चल' म्हणणें म्हणजे त्याच्या घरच्या मिठाला हात घालणें होय. म्हणून आम्हीं दुपारीं उशिरा, वाढें विकून झाल्यावर, त्यांचा निराळा वर्ग घेतला. हिशोब शिकवितांना उदाहरणें त्यांच्याच कामांतलीं दिलीं : इतके टन, इतका दर, त्यांतून उचल वजा. दोन मुलांनीं बापाच्या वहींतील बाकी स्वतः तपासून पाहिली व मुकादमाला शांतपणें एक आंकडा विचारला. मुकादमानें तो दुरुस्त केला.

आतां या वर्षांतील सर्वांत कठीण प्रसंग सांगतों. तळावर नववींत गेलेली एक पंधरा वर्षांची मुलगी होती. आईच्या पाठीचें दुखणें वाढल्यामुळें तिच्यानें मोळी उचलवत नव्हती, आणि बाप अर्धा कोयता झाला होता. मुलीला कोयता धरावयास आणली होती, व पुढल्या हंगामापूर्वीं तिला उजवावी अशीं बोलणीं नात्यांत चाललीं होतीं. लग्न झालें कीं तिचाही एक पुरा कोयता होतो, हा त्यांतील व्यवहार. मुलींच्या विवाहास अठरा वर्षांची मर्यादा आहे, आणि २००६ च्या कायद्यानें बालविवाह हा गुन्हा ठरतो, हें आम्हांस पाठ होतें. मंडळांत एकानें १०९८ या मुलांच्या मदत-क्रमांकावर तत्काळ कळवावें असें सुचविलें. दुसऱ्यांनीं म्हटलें, सोयरीक अद्यापि ठरलेली नाहीं. आधीं घरच्यांपाशीं बसूं. तारीख ठरल्याचें कानीं आलें तर त्याच घटकेस कळवूं. हाच निर्णय झाला, व तो आईबापांनाही उघड सांगण्यांत आला.

मंडळांतील दोघीजणी त्या आईपाशीं चुलीजवळ बसल्या. आईनें सर्व ऐकून घेतलें, आणि म्हणाली, "ताई, तुमचं खरं हाय. पर आम्ही सहा महिनं फडात. पोर तिकडं गावाला एकली. म्हातारीला डोळ्यानं दिसत न्हाई. काही बरंवाईट झालं तर लोकं तुम्हाला नाव ठिवतील का मला?" या प्रश्नाला आमच्यापाशीं त्या दिवशीं उत्तर नव्हतें. त्या माउलीला लग्नाची हौस नव्हती. मुलीभोंवतीं भिंती व कडी असावी एवढेंच तिला पाहिजे होतें, आणि त्या भिंती तिला लग्नांतच दिसत होत्या.

मागें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें, तें घर सोडून शिकावयास येणाऱ्या मुलांसाठीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं त्या मुलांसाठीं अंगावरचे दागिने दिले. येथें प्रकार उलट आहे. मूल जागच्या जागीं राहूं इच्छितें, आणि घरच उठून दूर जातें. गांवांत हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण ती लहान इयत्तांच्या मुलांची. शिक्षणाच्या कायद्याचें छत्र चौदाव्या वर्षीं संपतें, आणि आईची खरी काळजी नेमकी तेथूनच सुरू होते. ऊसतोडणी मजुरांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवें शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ सालीं निघाली, हें योग्य पाऊल होय. परंतु वर्षाच्या मध्यें जागा मिळणें सोपें नसतें.

शेवटीं भिंती सांपडल्या त्या मुलीच्या आत्याच्या घरीं. आत्या तालुक्याच्या गांवाजवळ राहते. तिला पोसण्याची इच्छा होती, ऐपत नव्हती. मंडळानें सहा महिन्यांचें धान्य पोंचविण्याचें पत्करलें. शाळा सात मैलांवर. परंतु ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखालीं बारावीपर्यंत एस. टी. चा पास मोफत मिळतो. त्यासाठीं पैसा नव्हे, तर एक अर्ज, शाळेचा शिक्का व तो घेऊन जाणारें माणूस लागलें. माघ महिन्यांत मुलगी आत्याकडे गेली. एप्रिलमध्यें तिनें नववीची परीक्षा दिली. बापानें मात्र पुढल्या हंगामाची उचल आईच्या औषधासाठीं घेतलेली आहे. ती फिटेल कशी, आणि दहावीनंतर मुलीच्या हातीं पुस्तक राहील कीं कोयता येईल, हें आम्हांस आज सांगतां येणार नाहीं. आम्ही दर महिन्यास आत्याकडे जातों, एवढेंच आमच्या हातीं आहे.

पैशांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमची जमा रद्दी विकून, दिवाळींत फराळाचें दुकान मांडून, आणि माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणींतून होते. एका उदार गृहस्थांनीं सर्व मुलांना स्वेटर देऊं केले; अट अशी कीं मुलांना रांगेंत उभें करून छायाचित्र घ्यावें. आम्हीं त्यांना तळावर येण्याचें आमंत्रण दिलें. ते आले, एका कोपींत वांकून शिरले, चहा प्याले, आणि परत जातांना छायाचित्राची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं. स्वेटर दुसऱ्या आठवड्यांत आले, व आयांच्या हातांत दिले गेले, म्हणजे मुलांना तो आईनें दिला असें वाटावें.

कोणी विचारतील कीं एवढ्यानें काय होणार? उसाचे फड विस्तीर्ण आहेत, तोडणीचीं यंत्रेंही आलीं आहेत, आणि मजुरांचा प्रश्न मजुरी, पाणी व शेती यांच्याशीं बांधलेला आहे. तो तरुणांच्या मंडळानें सुटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. सरकारचें काम सरकारनें केलें पाहिजे, कारखान्याचें कारखान्यानें. पण हक्क कागदावर असतो व मूल तळावर असतें. त्या दोहोंच्या मध्यें जें अंतर आहे तें कोणीतरी पायीं चालावें लागतें. तें चालण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं, आणि वय अठराचें असलें तरी चालतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडून आम्हांस फार मागावयाचें नाहीं. वरच्या वर्गांतल्यांनीं महिन्यांतून एक रविवार द्यावा. परंतु दिला तो चुकवूं नये. तळावरचीं मुलें वाट पाहण्यांत तरबेज असतात, आणि न येणाऱ्या माणसांची त्यांना संवय झालेली असते. खालच्या वर्गांतल्यांनीं एवढेंच करावें, कीं कार्तिकांत आपल्या बाकावर एखादें नवें मूल येऊन बसलें, त्याची वही मळलेली असली व बोली निराळी असली, तर त्याला सरकून जागा द्यावी व त्याचें नांव विचारावें. यंदांच्या टोळ्या दसऱ्यानंतर येतील. झोळ्यांसाठीं जुनीं, मऊ, स्वच्छ लुगडीं आम्हांस त्याच्या आधीं हवीं आहेत.