लिहिलेलं राहावं म्हणून

नवी वेबसाइट सुरू झाली की पेढे वाटले जातात. तीच साइट पुढची दहा वर्षं विनातक्रार उघडत राहिली, तर त्याचं कौतुक कुणाला सुचत नाही, आणि सुचायचं कारणही नाही. वाचकाला लेख वाचायचा असतो. त्यामागे सर्व्हर आहे, डेटाबेस आहे आणि ते चालू ठेवणारा कुणी माणूस आहे, हे त्याला जाणवूच नये. मी पुण्यात घरी बसून लेखकांच्या, छोट्या मासिकांच्या, वाचनालयांच्या वर्डप्रेसवरच्या साइट सांभाळतो. साइट उभी करणं हा या कामाचा छोटा भाग. लिहिलेलं राहावं म्हणून जे करावं लागतं, तेच खरं काम, असं मी मानतो.

वर्डप्रेसचा जन्मही असाच, दुसऱ्याचं काम जपण्यातून झाला. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेलं ‘बी-टू’ नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर होतं. त्याचं काम थांबलं आणि वापरणारे वाऱ्यावर पडले. अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मलेनवेग आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी तोच कोड पुढे न्यायचं ठरवलं आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. त्यांना हे करता आलं, कारण बी-टू जीपीएल परवान्याखाली होतं. हा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, आणि वाटताना तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी, असं तो परवाना सांगतो. ती मोकळीक नसती, तर करणारा थांबल्यावर कामही संपलं असतं. उलट, याहूने २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ ही वेबपानांची सेवा बंद केली, तेव्हा असंख्य लोकांची पानं एका निर्णयासरशी इंटरनेटवरून उतरली. म्हणून साइट कुठे ठेवायची असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, ‘तिथून सगळं उचलून निघता येईल ना?’

मराठीच्या बाबतीत या जपणुकीला आणखी एक पदर आहे. एका जुन्या मासिकाच्या संपादकांचा फोन आला. साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती आणि इतक्या वर्षांचे लेख एका रात्रीत अगम्य चिन्हांचे झाले होते. मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की दुरुस्ती होईपर्यंत नवं काही छापू नका आणि जुना लेख उघडून सेव्ह करू नका. बिघडलेलं बहुतेक वेळा सुधारता येतं. बिघडलेल्यावर पुन्हा लिहिलं गेलं आणि अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठली, तर मात्र मूळ मजकूर परत मिळत नाही.

झालेलं असं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. जुन्या काळी मायएसक्यूएलचा डेटाबेस मुद्दाम सांगितलं नाही तर ‘लॅटिन-१’ या युरोपीय अक्षरसंचात तयार व्हायचा. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून त्या तीन आकड्यांची तिथे तीन अक्षरं होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, चलनाचं एक चिन्ह आणि वर्तुळातला आर. लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे तीच चुकीची समजूत होती, तोवर बाइट जसेच्या तसे बाहेर यायचे आणि ब्राउझर त्यांचं मराठी करून दाखवायचा. नव्या सर्व्हरने डेटाबेसवरचं लेबल खरं मानून भाषांतर केलं आणि सगळं उघडं पडलं.

अशा वेळी लेबल थेट बदललं, तर चुकीचं भाषांतर कायमचं होऊन बसतं. आधी तो रकाना बायनरी करायचा, म्हणजे डेटाबेसला सांगायचं की यात अक्षरं नाहीत, नुसते बाइट आहेत. मग त्याच बाइटांना यूटीएफ-८ म्हणायचं. हे आधी प्रतीवर, नंतर मूळ साइटवर. त्या दिवशी प्रतीवर पहिलं संपादकीय उघडलं, तेव्हा जोडाक्षरं, अनुस्वार, अवतरणचिन्हं सगळी जागच्या जागी होती. संपादकांना फोनवरच त्याचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. या कामात मिळणारं समाधान मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

घरातले माझे सर्वांत काटेकोर वाचक म्हणजे सांगलीला राहणारे अण्णा. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते लिहू लागले. त्यांच्या एका लेखाचं शीर्षक ‘सांगलीच्या महापुराच्या आठवणी’. त्यांनी फोन करून विचारलं, “अरे, पत्त्यात आठवणींचा नुसता ‘आ’च का उरलाय?” बरोबर पाहिलं होतं त्यांनी. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी, म्हणजे स्लगसाठी, दोनशे जागा ठेवतं. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ जागा घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सांगलीच्या’ म्हणजे दहा चिन्हं, ‘महापुराच्या’ म्हणजे अकरा. दोन जोडरेषा धरून एकशे एक्क्याण्णव जागा भरल्या आणि उरलेल्या नऊ जागांत एकटा ‘आ’ मावला. स्लग हाताने छोटा करून दिला. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यालाही वर्डप्रेस आपणहून नव्यावर पोचवतं, म्हणून नातेवाइकांना पाठवलेल्या लिंकही चालू राहिल्या. आता अण्णा शीर्षक लिहिलं की आधी पत्ता तपासतात. जी भाषा आपण शाळेत शिकवली, तिचं एक अक्षरही वाटेत गळू नये, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो.

बायकोकडून शिकलो ते याहून मोठं आहे. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूटी संपताना ती पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते. कुठल्या पेशंटला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणावर लक्ष ठेवायचं, हे सांगून आणि लिहून दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. एकदा ती म्हणाली, “तू आजारी पडलास तर तुझ्या साइटचा ओव्हर कुणाला मिळणार?” तेव्हापासून प्रत्येक साइटची वही आहे. डोमेन कुणाच्या नावावर, त्याची मुदत कधी संपते, बॅकअप कुठे जातो, परत कसा चढवायचा, अडचण आली तर आधी काय बघायचं. वही अशी हवी, की मला फोन न लावता दुसऱ्या माणसाला काम पुढे नेता यावं. शेजारच्या उपनगरात माझ्यासारखंच काम करणारा एक मित्र आहे. सणासुदीला आम्ही एकमेकांना ओव्हर देतो. दिवाळीत बायकोला रुग्णालयातून सुट्टी मिळाली, तर त्या दिवशी मी लॅपटॉप उघडत नाही. तो दिवस मुलीचा आणि तिच्या आईचा.

बॅकअपबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. घेतलेला बॅकअप परत चढवून पाहिला नसेल, तर तो आहे असं मी धरत नाही. दर महिन्याला एक साइट निवडून रिकाम्या सर्व्हरवर पुन्हा उभी करतो आणि जुन्यातले जुने लेख उघडून वाचतो. चित्रं दिसतात का, मराठी नीट आहे का, तळटीपा शाबूत आहेत का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. वर्डप्रेसमधून एक्स्पोर्ट करून ती फाइल स्वतःजवळ ठेवा. तिच्यात मजकूर येतो, चित्रांचे मात्र फक्त पत्ते येतात, म्हणून अपलोडचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या. आणि घरातल्या एका तरी माणसाला हे कुठे ठेवलंय ते आजच सांगा. तुमची साइट सांभाळणारा माणूस उद्या बदलेल, कंपनी बदलेल, सॉफ्टवेअरही बदलेल. मूळ प्रत तुमच्या हातात असली, तर पुढे येणारा कुणीही तुमचं लेखन पुन्हा उभं करू शकेल, आणि ते काम तो आनंदाने करेल.