शेक आणि गारवा

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या रिठद गावात कंबर धरण्याचे दिवस. दिवसभर विळा हातात, पाठ वाकलेली. संध्याकाळी घरोघरी कुणी ना कुणी पालथं पडलेलं. आमच्याकडे हे खातं आजीचं. तिळाच्या तेलात ओवा-लसूण तडतडायचा, तेल सोसवेल इतकं निवलं की तिचा तळवा कण्याच्या दोन्ही अंगांनी रेटत खाली यायचा. पाठीला ती दया दाखवत नसे. पोटावर मात्र तिचाच हात इतका हलका पडे, की दुसऱ्याच बाईचा वाटावा.

चिनी वैद्यकाचं वाचन सुरू झालं तेव्हा या दोन हातांचा मेळ लागला. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइचिंग’ या ग्रंथात पाठ यांग आहे, म्हणजे उष्ण बाजूची; पोट यिन, म्हणजे थंड बाजूचं. तिथल्या ‘तुइना’ मालिशीत जोरकस, जलद हात साचलेलं मोकळं करतो. सावकाश, हलका हात उणं भरून काढतो.

उन्हाळ्यात आजी तिळाच्या तेलाला शिवत नसे. तळपायांची आग झाली की काशाची वाटी निघायची. तुपाचं बोट लावून तळवा घासत राहायचं. थोड्या वेळात तो काळाकुट्ट. “पाह्य बरं, केवढी गरमी निघाली!” काळेपणा काशातल्या तांब्याचा आणि तुपाचा, उष्णतेचा नव्हे. पण पाय निवून डोळा लागायचा, हेही खोटं नव्हतं.

शेकालाही हद्द असते. दुखऱ्या सांध्याला बिबा लावतात. जास्त झाला की तो उततो, कातडीवर फोड येतात, मग त्यावर खोबरेल शोधावं लागतं. आयुर्वेदातला वाग्भटही रोज अभ्यंग, म्हणजे तेलमालिश, करा म्हणतो, पण अजीर्ण झालेल्याला आणि कफ वाढलेल्याला तेल लावू नका, असं बजावतो.

यांग टोकाला गेलं की त्यातूनच यिन उगवतं, असं चिनी वैद्य मानतात. वऱ्हाडात हे बांधावर बसून कळतं: उन्हाळाअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा तापला तर मृगाचा पाऊस बरसेल, म्हणून तापाची तक्रार करत करत माणसं त्याची वाटही पाहतात.

मालिश शिकणाऱ्याने दाब, दिशा, बिंदू पाठ करावेतच. पण समोरच्याला आज शेक हवा की गारवा, हे आधी ओळखता आलं पाहिजे. ते चुकलं, तर चांगला हातही बाधतो.