वरची पायरी

खेळायला तिकीट लागते, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळले. आमच्या लहानपणी खेळायला एकच गोष्ट लागे, ती म्हणजे आईचे लक्ष दुसरीकडे असणे!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पुण्याचे ऊन रणरणत होते, चिरंजीव आणि सूनबाई आपापल्या कचेरीत, आणि घरात सहा वर्षांचा सोनू व साडेतीन वर्षांची चिमी यांनी सोफ्याचा किल्ला करून तो दोनदा सर केलेला. शेवटी सूनबाईंचा फोन आला, "बाबा, तुम्ही आणि आई दोघांना प्ले झोनमध्ये घेऊन जा ना! तिथे ए. सी. पण आहे." तेव्हा आम्ही निघालो.

खिडकीशी बसलेल्या मुलीने प्रथम माझ्यापुढे एक कागद सरकवला. मुलाला काही लागले-खुपले तर आमची जबाबदारी नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. बत्तीस वर्षे बँकेत काढलेला मनुष्य न वाचता सही कशी करणार? मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो तेव्हा मागे सात आया आणि अकरा मुले खोळंबली होती. मग प्रश्न आला, "मोजे आणलेत का, आजोबा?" मी चपला घालून आलेलो. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोज्यांचे चार जोड विकत घ्यावे लागले. ते चढवून उभा राहिलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "लग्नातसुद्धा इतके नवे कोरे दिसला नव्हतात!"

आत मात्र मी थक्क झालो. स्पंज गुंडाळलेले खांब, जाळ्या, बोगदे, दोरांचे पूल, आणि हजारो रंगीत चेंडूंनी भरलेला एक हौद. चिमीने आजीचा हात धरला आणि दोघी त्या हौदात दिसेनाशा झाल्या. सोनू जाळीवरून चढत चढत थेट वर, मोठ्या घसरगुंडीच्या तोंडाशी जाऊन पोचला. आणि तिथे थांबला.

एक मिनिट झाले, दोन झाली. मागे पोरांची रांग लागली. "अरे, जा ना!" असा गिल्ला सुरू झाला. खाली उभ्या असलेल्या आया माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या ओठांवर शब्द आलेच होते, "काय रे, भित्री भागूबाई!" पण ते तिथेच अडले. कारण हे शब्द मी माझ्याच आवाजात पूर्वी एकदा ऐकले होते.

साल १९८८. जागा पेशवे पार्क. १९५६ साली सुरू झालेल्या त्या फुलराणीत बसून झाले होते, आणि पाच वर्षांचे आमचे चिरंजीव घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर असेच उभे होते. भोवती चार माणसे पाहत होती. मी ते शब्द मोठ्याने उच्चारले. माणसे हसली. पोराने डोळे गच्च मिटले आणि तो खाली आला. "बघा, कशी भीती मोडली!" म्हणून हा किस्सा मी पुढे वीस वर्षे आल्यागेल्याला सांगितला. मी तो सांगू लागलो की चिरंजीव पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत जात. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानात आले ते त्या प्ले झोनमध्ये, नवे मोजे घालून उभा असताना.

मी तिथल्या पोऱ्याला विचारले आणि वर चढू लागलो. बोगद्यात गुडघ्यांनी एकदा संप पुकारला; एका चार वर्षांच्या मुलीने मागून ढकलून तो मिटवला. वर पोचून मी सोनूशेजारी बसलो. खाली पाहिले. खरे सांगतो, उंच होते.

"आजोबा, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते ना."

"मग आपण आल्या वाटेने जायचं?"

"जाऊ या."

आम्ही बाजूला सरून इतरांना वाट दिली. उतरताना सोनू माझ्या पुढे होता आणि खालून सांगत होता, "आता डावा पाय, आजोबा. आता उजवा." उरलेला वेळ आम्ही चौघांनी चेंडूंच्या हौदात घालवला.

संध्याकाळी कुतूहलाने मी या खेळांचे मूळ शोधले. चेंडूंचा हौद एरिक मॅकमिलन या कल्पक माणसाने १९७६ साली अमेरिकेत सॅन दिएगोला प्रथम भरला. चढायच्या सांगाड्याचे, म्हणजे जंगल जिमचे, पेटंट शिकागोच्या सेबॅस्टियन हिंटन यांना १९२३ साली मिळाले. त्यांचे वडील गणिती. जपानात असताना त्यांनी मुलांसाठी बांबूंचा सांगाडा उभारला होता, तो लांबी, रुंदी, उंचीचे गणित अंगवळणी पडावे म्हणून. मुले मात्र गणित सोडून नुसती माकडांसारखी चढत राहिली. बापाला शिकवायचे असते एक, मुलाच्या लक्षात राहते भलतेच!

रात्री जेवताना चिरंजीवांनी विचारले, "सोनूनं मोठी घसरगुंडी केली का?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही दोघंही घाबरलो आणि आल्या वाटेनं उतरलो."

चिरंजीव माझ्याकडे पाहतच राहिले. मी ताटाकडे बघत म्हणालो, "पेशवे पार्कातला तो किस्सा यापुढं मी कुणाला सांगणार नाही. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास रे."

ते काही बोलले नाहीत. पाणी आणायला म्हणून उठून आत गेले. फरक इतकाच, की या वेळी लगेच परत आले, आणि हातात दोन पेले होते.