नऊ बाद १२६

आमच्या मुलीची जन्मवेळ 'नऊ बाद १२६' अशी आहे.

हसू नका. तास-मिनिटांत विचाराल तर आमच्या घरातली चार माणसं चार वेळा सांगतील. नऊ बाद १२६ याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नाही. तारीख २५ जून १९८३, वार शनिवार, स्थळ नाशिक, रविवार कारंजापासून हाकेच्या अंतरावरचं एक प्रसूतिगृह. आणि त्याच वेळी तिकडे लॉर्ड्सवर भारत-वेस्ट इंडिज यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना. आता हे दोन्ही एकाच दिवशी यावं यात माझा काय दोष? डॉक्टरीणबाईंनी मला जुलैची पाच तारीख दिली होती. पण पहिलटकरणीला दिलेली तारीख आणि शिंप्याने दिलेली तारीख यांवर शहाण्या माणसाने विसंबू नये.

पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने मी डोहाळजेवण उरकून नाशिकला येऊन राहिले होते. आमचे हे मुंबईला, फोर्टात नोकरीला. दर शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने यायचे. १९७५ साली ही गाडी सुरू झाली आणि नाशिकच्या मुलींना मुंबईची स्थळं एकदम सोयीची वाटायला लागली. त्यांतलीच मी एक.

तर त्या दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास माझ्या पोटात पहिली कळ आली. बाहेरच्या खोलीत दादा ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेला. मी दाराशी जाऊन म्हटलं, "दादा, रिक्षा आण."

"तायडे, जरा कळ धर. श्रीकांत सुटलाय."

कळच आली होती, धरायची काय कपाळ! शेवटी आईने ट्रान्झिस्टरची मूठ धरली तेव्हा तो उठला. पण रिक्षात माझ्या पिशवीबरोबर ट्रान्झिस्टरही आलाच. पिशवीत जुन्या लुगड्यांची दुपटी, आईने शिवलेली कुंची, झबली आणि तुपाची बरणी. दादाच्या खिशात जादा सेल. ज्याची त्याची तयारी.

पुढचं मला आतून ऐकू आलं तेवढंच खरं. बाहेरच्या बाकावर दादा, मामा आणि अण्णा. आई एका कोपऱ्यात रामरक्षा म्हणत. संध्याकाळी कधीतरी मामाचा खोल आवाज आला, "१८३ त सगळे बाद. संपलं आता. काही आशा नाही." मी आत टेबलावर पडल्या पडल्या रडायलाच लागले. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुम्हाला नाही, मॅचला म्हणतायत ते." मग माझी बीपी घेता घेता हळूच दाराकडे तोंड करून विचारलं, "गावसकर किती हो?" दोन, असं उत्तर आलं. त्यांनी पट्टा जरा जास्तच आवळला.

आमचे हे रात्री नाशिकरोडला उतरून, पावसात रिक्षा शोधून, भिजलेली छत्री घेऊन अकराच्या सुमाराला पोचले. जिना चढताचढताच त्यांनी विचारलं, "झालं का?"

"सात झाल्या!" दादा ओरडला. "आता फक्त तीन राहिल्यात!"

हे मटकन पायरीवर बसले. विकेट स्त्रीलिंगी असते हे त्या घटकेला त्यांच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

मग मार्शल गेला, मग रॉबर्ट्सला कपिलने पायचीत केलं. नऊ बाद १२६. शेवटची जोडी गार्नर आणि होल्डिंग. दोघेही गोलंदाज, पण हलायला तयार होईनात. आणि त्या चिवट जोडीने उरलेल्या चौदा धावा जमवल्या त्या मधल्या वेळात केव्हातरी आमची कन्या या जगात आली. तिचं पहिलं रडणं बाहेर कुणालाही ऐकू गेलं नाही. सिस्टर दुपट्यात गुंडाळून तिला बाहेर घेऊन गेल्या त्याच क्षणाला अमरनाथने होल्डिंगला पायचीत केलं.

"मुलगी झाली!"

"हो हो, जिंकलो!" असं म्हणत मामाने सिस्टरच्या हातातली मुलगी घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. बाहेर फटाक्यांची माळ लागली. मेनरोडकडून ढोल ऐकू यायला लागले. मुलीच्या जन्मावर एवढी आतषबाजी आमच्या खानदानात आजवर झाली नव्हती. माझ्या चुलत आत्याने तर पुढे कितीतरी वर्षं त्याबद्दल जावयाचं कौतुक केलं.

वेळेचा घोळ मात्र व्हायचा तो झालाच. नोंदवहीत ११.५५ लिहिलेलं. दादाच्या घड्याळाप्रमाणे बारा वाजून गेले होते. अण्णांनी पत्रिकेसाठी गुरुजींना सगळा स्कोअर समजावून सांगितला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, लग्न काढायला घटका-पळं लागतात. षटकं नाही."

नावाचंही तेच. दुसऱ्या दिवशी आलेला प्रत्येक जण 'कपिला' सुचवून गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गाईचं नाव!" यावर अण्णा चिडले. "गाय काय म्हणता? आपल्या तपोवनात गोदावरीला मिळते ती कपिला नदी!" मग दोन दिवस गाय की नदी हा वाद चालला. दाखल्यासाठी जन्म नोंदवायचा म्हणून हे महानगरपालिकेत गेले (नगरपालिकेची महानगरपालिका होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं), तेव्हा नावाच्या रकान्यात आडवी रेघ मारून आले. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, असं तिथल्या भल्या माणसाने सांगितलं म्हणे. बारशाला तिसरंच नाव ठेवलं. ते इथे लिहायची तिची परवानगी नाही.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही लग्नकार्यात पंक्तीला सांगतो. पुढची सांगत नाही.

त्या रात्री फटाके थांबल्यावर सिस्टरनी ती लाल, सुरकुतलेली, डोळे मिटलेली गाठोडी माझ्या कुशीत ठेवली. मी वाट बघत बसले. मातृत्वाचा उमाळा येतो असं वाचलं होतं, सिनेमातही पाहिलं होतं. मला झोप आली. आणि त्या गाठोडीकडे बघून मनात एकच आलं, ही कोण?

तिसऱ्या दिवशी घरी आलो. बाळंतिणीची खोली तयार होती. खाटेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, कानाला रुमाल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग यांचे वेढे मोजून गुटी. तेल लावायला येणाऱ्या सखूबाई माझी पाठ रगडता रगडता गावातल्या सगळ्या बाळंतिणींच्या बातम्या द्यायच्या. सगळं जिथल्या तिथे. माझं मन तेवढं जागेवर नव्हतं. मुलगी रडली की मला आधी भीतीच वाटायची. ही माझ्याकडे काय मागतेय? लोक "लबाड, आईला ओळखते बरं का" म्हणायचे आणि मी हसायची. मला मात्र ती अजून ओळखीची वाटत नव्हती. हे कुणाला सांगणार? यांना पत्र लिहायला घेतलं, तर 'इकडे सर्व क्षेम' याच्या पुढे पेन हलेना.

पाचवीची रात्र आली. आईने पाट मांडला, त्यावर पाटा-वरवंटा, कणकेचे दिवे आणि एक कोरा कागद नि पेन्सिल. रात्री सटवाई येऊन बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते म्हणून. दिवा विझू द्यायचा नाही आणि कुणीतरी जागं राहायचं. मी कॉलेजात शिकलेली, मला हसू आलं. म्हटलं, "आई, मी धनुर्वाताची इंजेक्शनं घेतलीयत. सटवाईला आता काय काम?"

आई वात सारत म्हणाली, "तुझ्या आजीला ती मिळाली असती तर तिची दोन गेली नसती. एक सहाव्या दिवशी, एक आठव्या. विळ्याने नाळ कापायचे गं तेव्हा. तिने दोन्ही वेळा दिवा विझू दिला नव्हता."

मी गप्प झाले. आणि मग काय झालं कोण जाणे, पाच दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. रडत रडत म्हटलं, "आई, मला काहीच वाटत नाही गं तिच्याबद्दल. माझ्यात काहीतरी कमी आहे."

मला वाटलं होतं ती रागावेल. ती मुलीचं दुपटं बदलत होती, ते पुरं केलं. मग म्हणाली, "तू झालीस ना, तेव्हा तुला माझ्यापुढे धरलं तर मी विचारलं, चहा मिळेल का."

"मग कधी वाटलं?"

"आता तारीखवार कसं सांगू? कामात होते."

ती भिंतीला टेकून जागायला बसली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. दिवा माझ्यावरच आला. मुलगी दोन वाजता उठली, परत तीनला. शेवटचं कधी पाजलं हे मला आठवेना आणि डॉक्टरीणबाईंनी वेळा लिहून ठेवायला सांगितल्या होत्या. खोलीत दुसरा कागद नव्हता. मी पाटावरचा कागद ओढला आणि लिहिलं :

'२.१०. रडली. उजवीकडे प्याली. ३.००. उगाचच रडली. ३.२५. उचकी. ३.४०. डोळे उघडून बघत होती. छान बघते.'

पहाटे आईला जाग आली ती पाटाकडे बघूनच. "अगं बाई, सटवाईचा कागद!" तिने तो उचलला, चष्मा लावून दिव्याजवळ नेऊन वाचला. मला वाटलं आता अण्णांना उठवून शांत करावी लागणार. तिने पेन्सिल मागितली, खाली आणखी एक ओळ लिहिली, कागद परत पाटावर ठेवला आणि मुलीला माझ्याकडून घेतलं.

'४.५०. आजीकडे दिली. तिची आई झोपली.'