आनंदीबाईंच्या शेजारी कोण होते?

१/ पदवीच्या दुसऱ्या वर्षी महिलादिनाच्या भित्तिपत्रकासाठी मी आनंदीबाई जोशींचे ते प्रसिद्ध छायाचित्र घेतले. जागा पुरेना, म्हणून शेजारच्या दोघींना सरळ कापून टाकले. भाईंदरच्या घरी कपाटामागे ते भित्तिपत्रक अजून आहे. ते दिसले की खजील व्हायला होते. हा धागा त्या चुकीविषयी.

२/ छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया येथील. डावीकडे आनंदीबाई, मध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशीच्या वेशात.

३/ ‘तीन देशांच्या तीन डॉक्टर’ म्हणून हे चित्र सर्वत्र फिरते. आता तारखा पाहा. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर एकही डॉक्टर नव्हती; होत्या तीन विद्यार्थिनी. पुढचे यश आपण मागाहून चित्रात भरतो.

४/ आता वेश. दूरदेशीच्या विद्यार्थिनी हे महाविद्यालयाला भूषण होते आणि त्या काळच्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला ‘पौर्वात्य’ पोशाखाचे कुतूहल होते. मग आनंदीबाई इथे केवळ प्रदर्शनाची वस्तू ठरतात का? मला तसे वाटत नाही. अमेरिकेस निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, सेरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी सांगितले होते, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पाहणाऱ्याला जे नवल होते, ते नेसणारीसाठी पाळलेले वचन होते.

५/ त्यांच्या चेहऱ्यावर आजाराची छाया शोधण्याचा मोह मलाही झाला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु गंभीर मुद्रा ही त्या काळच्या छायाचित्रांची रीतच होती. तिच्यावरून मरण वाचता येत नाही.

६/ आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. ठाणे जिल्ह्यातील आम्हा मुलींना त्या घरच्याच वाटतात. या आपलेपणाच्या भरातच मी कात्री चालवली. त्यामुळे उरली एकटी, अलौकिक स्त्री. नाहीशी झाली ती तशाच दूरच्या प्रवासाला निघालेल्या मैत्रिणींची सोबत. परक्या शहरात तीन भाषांच्या तीन तरुणी एकच शास्त्र शिकत होत्या, ही गोष्ट मला आज अधिक मोलाची वाटते.

७/ म्हणून जुने छायाचित्र हाती आले, की आधी त्याच्या कडा पाहा, कुणाला कापले आहे का ते. मग तारीख. चेहरा शेवटी. आणि हे चित्र पुढे पाठवाल, तेव्हा तिघींची नावे लिहा.